आठ स्क्रू आणि एक स्थळ

माझ्या मुलीला बघायला आलेल्या मंडळींनी तिला खिडकीच्या गजांमधून पाहिलं. तिला आत कोंडलं होतं तिच्या बापानेच. बापही तिच्याबरोबर आतच होता, आणि त्यालाही दुसऱ्या कुणी कोंडलेलं नव्हतं.

आमचं घर सर्वण गावात, खाणींच्या भागात. बाबा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. आज ऐंशी उलटली तरी घरातलं दार कुरकुरलं की ते आधी उठतात. मी शाळेत भूगोल शिकवतो. पृथ्वी कुठल्या दिशेने फिरते हे मी तीस वर्षं मुलांना सांगत आलोय. स्क्रू कुठल्या दिशेने फिरतो हे मात्र दर वेळी बायकोला विचारावं लागतं.

बाबांकडे दाबायचा एक जुना स्क्रू ड्रायव्हर आहे. त्याची लाकडी मूठ खाली दाबली की आतल्या पिळामुळे टोक आपोआप फिरतं. हात सोडला की मूठ वर येते. पुन्हा दाबायचं. या हत्याराने त्यांनी आमचं अख्खं घर जोडलंय. मला ते वस्तुसंग्रहालयातलं वाटायचं. म्हणून गेल्या वर्षी मी बॅटरीवर चालणारं मशीन आणलं. पिवळंकाळं, पिस्तुलासारखं, पुढे दिवा लावलेलं. दिवा का, तर अंधारातही चूक नीट दिसावी म्हणून असेल.

बाबांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"ह्या मशीनीक कळता काय, खंय थांबाचा ता?"

"ता वापरणाऱ्याक कळता, बाबा."

"तेचीच भीती आसा," म्हणाले आणि परत दिलं.

त्या रविवारी पार्से गावाहून पाहुणे येणार होते. मुलगा, निखिल, पंचायतीत नोकरीला. घरची काजूची बागायत. स्थळ चांगलं होतं आणि आमच्या सायलीलाही फोटो आवडला होता, म्हणजे तिने तो दोनदा पाहिला होता. बायकोने तीन दिवस घर घासलं होतं. साडेनऊला सायली साडी नेसून खोलीतून बाहेर आली.

"पप्पा, आतली कडी हलते. पाहुणे घरात असताना दार आपोआप उघडलं तर?"

"मी बघतंय," बाबा खुर्चीतून उठायला लागले.

"बाबा, तुम्ही बसा. एका मिनिटाचं काम," मी म्हणालो. (आमच्या घरातली सगळी मोठी संकटं याच वाक्याने सुरू झाली आहेत.)

सायलीला सोबत घेऊन मी आत गेलो, कारण कडी धरायला कुणीतरी हवं होतं. दार लावलं. जुने स्क्रू काढून फेकले आणि चांगले लांबलचक नवे घेतले. लांब म्हणजे मजबूत, एवढं भूगोलवाल्यालाही कळतं. मशीन जरा तिरपं धरलं गेलं असेल. खटका दाबला. गुर्रर्र आवाज झाला, स्क्रू लोण्यात शिरावा तसा आत गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. मी मशीनच्या नळीवर फुंकर मारली आणि सायलीला म्हणालो, "बघ, हलते का आता."

कडी हलत नव्हती. दारही हलत नव्हतं. तिन्ही स्क्रू कडीची पट्टी, दाराची कड असं सगळं भेदून थेट चौकटीत घुसले होते.

"उलटं फिरवा ना," सायली म्हणाली.

उलटं फिरवलं. मशीनने तितक्याच उत्साहाने तिन्ही स्क्रूंची डोकी खरवडून गुळगुळीत केली. चौथ्या प्रयत्नात ते दमल्यासारखं घुंऽऽ म्हणालं आणि बंद पडलं. कारण सकाळी शेजाऱ्यांना त्याची ताकद दाखवायला मी अंगणातल्या फळीत वीसेक स्क्रू उगीचच मारले होते. चार्ज व्हायला एक तास लागतो.

बाहेरून बायकोचा आवाज आला. "अहो, पावणे आयले. बाहेर येवा."

"येऊक जमना," मी आतून म्हणालो.

खोलीची खिडकी सोप्यावर उघडते, आणि सोप्यावरच पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलं नाही. मी गज धरून उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "या, बसा. प्रवास बरा झाला ना?" निखिलचे वडील माझ्याकडे बघत हळूच बसले. तुरुंगात भेटायला गेलेला माणूस बसतो तसे.

बायकोने काय घडलं ते सांगितलं. सांगताना ती एकदाही माझ्याकडे बघत नव्हती.

मुलीने पाहुण्यांना चहा द्यायचा असतो. इथे निखिलच्या आईने एक कप उचलला, खिडकीपाशी आल्या आणि गजांमधून सायलीला दिला. "घे गो बाय. घामाघूम झालीस." सायली हसली. मग त्याही हसल्या. मला कप कुणी दिला नाही.

तेवढ्यात बाबा त्यांचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन खिडकीशी आले आणि तो गजांमधून माझ्या हातात दिला.

"कडीचो नाद सोड. बिजागऱ्यो आतल्या बाजूक आसत. दोन पट्टे, आठ स्क्रू, माझ्या हातचे. ते काढ."

"तेंच्यार रंगाचे चार थर आसत, बाबा."

"आसूं देत. टोक खाचीत बसय. आता दाब. दाबल्याशिवाय ता फिरना, म्हणान निसटना. सोड. दाब."

पुढची वीस मिनिटं मी पाहुण्यांसमोर दाबत आणि सोडत होतो. बाबा बाहेरून मोजत होते. निखिलचे वडील कौतुकाने म्हणाले, "असलं हत्यार आता मिळत नाही," आणि दोघं म्हातारे खाणीच्या गप्पांत रमले. निखिल खिडकीच्या दुसऱ्या टोकाला येऊन सायलीशी बोलत होता. दोघांना एकांत द्यावा अशी पद्धत आहे; मी पाठ करून पाचवा स्क्रू काढत होतो, याहून जास्त एकांत मला देता येत नव्हता.

"घरात नेहमी असंच असतं?" त्याने विचारलं.

"नाही. एरवी पप्पा शाळेत असतात," ती म्हणाली.

तो मोठ्याने हसला. मला वाटतं, लग्न तिथेच ठरलं. आम्ही उगीच नंतर पत्रिका बघितल्या.

आठवा स्क्रू निघाला तेव्हा दार बिजागरीच्या बाजूने हातभर उघडलं. त्या फटीतून आधी सायली आली, साडीची एक निरीही न मोडता. मग मी आलो, निम्मा रंग अंगावर घेऊन.

निघताना निखिलच्या वडिलांनी माझा हात हातात घेतला. "मुलगी सासरी पाठवताना बापाचा जीव तुटतो, ठाऊक आहे मला. पण तिला चौकटीला स्क्रू मारून ठेवणारा बाप मी पहिल्यांदाच पाहिला."

वैशाखात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मी खरोखर हुंदके देऊन रडत होतो, पण माझे व्याही सांत्वन करायला काही पुढे आले नाहीत. ते त्यांच्या गाडीच्या दाराला पाठ लावून उभे होते, आणि मी दोन पावलं जवळ गेलो की म्हणत होते, "मास्तर, तुम्ही लांबूनच आशीर्वाद द्या."