ओळखलेलं एकच पान

ऐंशीच्या दशकात मी बीएस्सीला होतो. मूल गावच्या बाजारात पत्रावळी विकणारी एक बाई आम्हा विद्यार्थ्यांना संग्रहवहीसाठी जंगलातली वीस पानं आणून द्यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक पान ती आधी चुरगाळायची, डोळे मिटून स्वतः हुंगायची, मग आमच्या नाकाशी धरायची. ओळख पटली की पुढचं पान.

पहिलं पान हुंगताच मी घाई केली. "बाई, माही बस निघून जाईन."

"पानं मी आनून देईन बाबू, पन नाक त तुयंच लागन," ती म्हणाली आणि तिनं गठ्ठा देऊन टाकला.

तोंडी परीक्षेत सरांनी वहीतल्या पानांखालची नावं झाकली. मी एकच ओळखलं, तिनं हुंगायला लावलेली निर्गुडी. अर्थात नापास झालो.

परवा लेक एमएस्सीच्या वहीसाठी पानांचे फोटो काढून एआयला नावं विचारत होती. उपदेश करायला मला तोंड कुठं होतं? अंगणातलं निर्गुडीचं पान चुरगाळून तिच्या नाकाशी धरलं.

"बाबा, याचं नाव त्यानं बरोबर सांगितलंय."

"सांगू दे. तू डोळे मीट."