पाहुण्यांनी घमेलं उचलायचं नाही

नीराबाईंचा स्वभाव फार चांगला, असं आमच्या वाडीत कुणीही सांगेल. मी सांगणार नाही. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते, त्या तिथे खिचडी शिजवतात, आणि या बाईंनी मला जेवढं छळलंय तेवढं कुठल्या साहेबानेही छळलेलं नाही.

हरिहरेश्वरचा रस्ता सोडून डोंगराकडे वळलं की आमची वाडी लागते. निसर्ग वादळात शाळेचे पत्रे उडाले, मागची भिंत बसली. कोरोनामुळे शाळा आधीच बंद होती, त्यामुळे दुरुस्तीची घाई कुणालाच नव्हती. शाळा उघडली तेव्हा मुलांना देवळाच्या मंडपात बसवलं. तिथे लग्न निघालं की सुट्टी, भजन असलं की सुट्टी. कंटाळून एकेक घर आपली पोरं मुंबईला हलवू लागलं.

क्रांती ही नीराबाईंची नात, तिसरी पास झालेली. तिचा बाप हर्षद नवी मुंबईत कामोठ्याला राहून टेम्पो चालवतो. टाळेबंदीत त्याने पोरीला आपल्या आईकडे आणून सोडलं आणि ती इथेच रमली. पण यंदा त्याने फोनवर बजावलं, "आये, जूनला शाळंवर छप्पर नसंल तर मी पोरीला न्हेनार. हितल्या शाळंत नाव सांगून ठेवलंय."

नवरा गेल्यापासून नीराबाईंच्या घरात बोलायला ती पोरच काय ती होती. "बाई, ती गेली तर मी रांधू कुनासाठी?" असं त्या मला म्हणाल्या, आणि मला भडभडून आलं. इथेच मी फसले.

दिसेल त्याला फोन करून मी पुण्याच्या स्वयंसेवकांचा एक गट मिळवला. मे महिन्यात दोन आठवडे येणार, राहणार, राबणार. पत्रे, सिमेंट, वाळू सगळं त्यांनीच पाठवलं. आमच्याकडे ट्रक वर चढत नाही, सामान खालच्या रस्त्यावरून डोक्यावर आणावं लागतं. त्यासाठीच तर तरुण पोरं हवी होती!

पहिल्या दिवशी त्यांच्या म्होरक्याने, निकेतने, वाळूचं घमेलं उचललं. नीराबाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"पाव्हन्यानं घमेलं उचलायचं न्हाय. बसा तुमी."

"काकू, आम्ही कामालाच आलोय."

"व्हय, आलाव ना? मग च्या घ्या."

आणि घमेलं डोक्यावर घेऊन, गुडघा दुखला तर दुखू दे म्हणत, त्या स्वतः चढ चढू लागल्या. त्यांचं बघून बाकीच्या बायकाही सरसावल्या. वाडीतले धडधाकट पुरुष सगळे मुंबईला. म्हणजे साठीच्या बायका वाळू वाहतायत आणि पंचविशीची पोरं झाडाखाली बसून ताडगोळे सोलतायत! हे दृश्य मी दहा-बारा दिवस पाहिलं. पुण्याच्या त्या पोरांना नाही म्हणता येत नव्हतं आणि आमच्या बायकांना पुरे म्हणता येत नव्हतं.

मी काय काय नाही केलं? पोरांना उजाडायच्या आत कामाला लावलं, तर नीराबाई त्याच्याही आधी चहाची किटली घेऊन हजर. वाडीची बैठक घेतली. सगळ्यांनी माना डोलावल्या, "बाई बोलतात ते बरोबर हाय," आणि दुसऱ्या दिवशी फणसाची भाजी, सुकट आणि तांदळाच्या भाकऱ्यांची चळत. गटातली जागृती नावाची मुलगी चोरून विटा उचलायला गेली, तर नीराबाईंनी तिला पुढ्यात बसवून, तेल लावून तिचे केस विंचरले.

शेवटी माझा तोल गेला. "अहो, तुमचीच नात जाणार आहे! कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय की. म्हनून पाव्हन्यांना राबवू?"

रडावं की भांडावं तेच मला कळेना.

मे संपता संपता हर्षद आला. टेम्पो खाली उभा करून तो चढून आला, तेव्हा अर्ध्या शाळेवर पत्रे होते, अर्ध्यावर आभाळ, आणि ओट्यावर स्वयंसेवकांची पंगत बसलेली. पायातलं काढून त्याने सरळ एक पत्रा उचलला.

नीराबाईंनी धावत जाऊन पत्र्याचं दुसरं टोक धरलं. "ठेव. पाव्हन्यानं काम करायचं न्हाय."

"मी पाव्हना?"

"शिमग्याला दोन दिस, गनपतीला पाच. येतोस, जेवतोस, जातोस. मग कोन तू?"

त्या चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. भाकरी वाढताना बोलतात तशाच बोलल्या. हर्षदचा चेहरा उतरला, पण त्याने पत्रा सोडला नाही.

"आये, सोड. ही शाळा माजी हाय. हितंच शिकलो मी."

नीराबाईंनी हात काढले. हर्षद वळून ओट्यावरच्या पोरांवर ओरडला, "काय बघताय? उठा, धरा!" पोरं भरल्या तोंडाने उठली. घरच्याच माणसाने हुकूम सोडला म्हटल्यावर नीराबाईंना अडवता येईना. असं आहे होय, म्हटलं! हे आधी कळतं तर मीच कामोठ्याला जाऊन त्याला कान धरून आणला असता.

पावसाच्या आत छप्पर पुरं झालं. स्वयंसेवक गेले, प्रत्येकाच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. मग हर्षद निघाला. क्रांतीच्या कपड्यांची पिशवी नीराबाईंनी स्वतःच भरून दारात ठेवली होती. मुलाला त्या काहीही विचारत नव्हत्या, आणि मला त्यांचा इतका राग आला की मी दुसरीकडे बघत राहिले.

हर्षदने पिशवी उचलली, घरात नेली आणि खुंटीला अडकवून बाहेर आला. आईने पुढे केलेलं भाकऱ्यांचं फडकं त्याने तिलाच परत दिलं.

"ह्यं ठेव. शनवारी येतोय मी, तवा खाईन."

नीराबाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याला रिकाम्या हाताने जाऊ दिलं.