लुकैमातवाल्या बाई

दुबईच्या स्टेडियममध्ये क्राफ्ट बीअरच्या काउंटरशेजारी एक वयस्कर अमिराती बाई लुकैमात तळायच्या. मुठीतून पिठाचे गोळे तेलात सोडायचे आणि वर खजुराचा पाक ओतायचा. बीअरसाठी भली मोठी रांग, यांच्यापुढे बऱ्याचदा कोणीच नसे. तरी बाई आपल्या मजेत असायच्या.

भारत हरला त्या संध्याकाळी माझी लेक प्रेक्षकांच्या स्टँडमधून रडतच बाहेर आली. बाईंनी न विचारता तिच्या हातात गरम वाटी ठेवली.

"आय ॲम नॉट हंग्री," लेक म्हणाली.

"खाओ, हबीबती."

दोन गोळे पोटात गेल्यावर तिनं विचारलं, "व्हिच टीम डू यू सपोर्ट?"

बाईंनी काळ्या ओढणीच्या टोकानं तिचे गाल पुसले आणि म्हणाल्या, "जो रोता है, मैं उसका टीम."