धाकटीची खोली

आमचं केडगावचं घर दगडमातीचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. त्यातली एक भिंत सरळ असेल तर शपथ. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला तर आतल्या बाजूने चांगलं पोट आलेलं. तिला कपाट कधी नीट टेकून उभं राहिलं नाही. मागच्या फटीत माझे किती चमचे गेले असतील, देव जाणे. त्या भिंतीत एक खिडकी पाडून द्या, फोडणीचा ठसका तरी बाहेर जाईल, म्हणून लग्न झाल्यापासून मी सासूबाईंच्या मागे लागले होते. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"दगडमातीची भिंत हाय ती. एक दगड हालवला तर समदं घर खाली यील."

मागच्या वर्षी दीर आणि धाकटी जाऊ पुण्याचं बिऱ्हाड मोडून आमच्यात राहायला आले. धाकटीचं काम लॅपटॉपवरचं, तिला वेगळी खोली हवी. जागा होती ती फक्त माझ्या स्वयंपाकघरामागची. गवंड्याने ओळंबा सोडून बघितला आणि म्हणाला, "जुनी भिंत लई वाकडी हाय. इकडनं खड्डा पडलाय." पडणारच. माझ्या बाजूला पोट, म्हणजे पलीकडे खड्डा. धाकटी लगेच म्हणाली, मग तिथे फळ्या टाकू, पुस्तकांची सोय होईल. सगळ्यांनी मान डोलावली. भिंत तीच, पण माझ्या नशिबी तिचा अडथळा आणि हिला आयतं फडताळ!

मग तिने दाराचा विषय काढला. खोलीत बाहेरून वळसा घालून कोण जाणार, स्वयंपाकघरातूनच दार पाडू या.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "पाडा की. त्यात काय येवढं?"

दोन दिवसांत दार झालं. वर आडवी तुळई बसली, खालचे दगड एकेक करून निघाले, घर जागचं हललं नाही. थोडं तरी हलावं, निदान दोन कौलं तरी पडावीत, अशी माझी फार इच्छा होती. खोटं कशाला बोलू? माझा नुसता जळफळाट होत होता. धाकटी त्या दारातून येता-जाता मला हसून दाखवायची, त्याचाही राग यायचा.

संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी परातीत पीठ घेतलं आणि विचारलंच, "आई, मला साधी खिडकी दिली नाहीत, आणि तिला दार?"

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "तिला न्हाई म्हनलं असतं, तर ती गेली असती परत पुन्याला. माझा ल्योक बी गेला असता. तू कुठं जानार हुतीस?"

बोलण्यात खोच नव्हती. आज बाजार आहे, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मी कणीक मळत राहिले. इतक्या वर्षांत मी एकदाही रुसून माहेरी गेले नाही, हे चारचौघींत मोठ्या तोऱ्यात सांगायची मला सवय होती. त्या दिवसापासून सांगायचं सोडलं.