दिवसा लावलेले दार

पदवीच्या शिक्षणासाठी देवगाव रंगारी सोडले तो दिवस मला अर्धाच ठाऊक आहे. एसटी निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते तर उतरले असते. उरलेला अर्धा दिवस धाकट्या भावाने, बाळूने, मला पुष्कळ नंतर सांगितला. कोंबड्या आत शिरतात म्हणून तो दार ओढून घेऊ लागला, तर आईने त्याचा हात धरला. "दार लावू नको रे. एसटी माघारी येऊ दे. पोचली म्हणून कळलं की मग लाव." संध्याकाळी तीच एसटी परत आली, कंडक्टरने मला स्टँडावर उतरवल्याचे सांगितले, आणि मग आमचे दार लागले.

गावी राहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना कदाचित वाटेल. मलाही ते फार उशिरा वाटले, आणि त्याला माझी एक सदोष कादंबरी कारणीभूत झाली.

मी नोकरीभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. शहराच्या कडेला, पडेगावात फ्लॅट घेतला, एकटीचे घर मांडले. निवृत्तीनंतर लिहावेसे वाटले. मोठ्यांसाठी लिहिण्याचा धीर झाला नाही, म्हणून कुमारांसाठी एक रहस्यकादंबरी लिहिली. गोष्ट आमच्यासारख्याच एका गावात घडते. शाळेची पितळी घंटा नाहीशी होते. चोर ती आपल्या घरात ठेवतो, दाराला कुलूप लावतो आणि दोन दिवस शेतात जाऊन राहतो. तेरा वर्षांची सई एकेक धागा जुळवत त्या बंद दारापर्यंत पोहोचते. 'अस्सल गावाकडची रहस्यकथा' असे मुखपृष्ठावर छापायचे प्रकाशकांनी ठरवले होते. ते शब्द वाचून मला संकोच वाटला आणि, खरे सांगायचे तर, सुखही झाले. गाव सोडूनही आपल्याकडे गाव उरले आहे, असा त्याचा मी अर्थ घेतला.

अखेरचे हस्तलिखित देण्यापूर्वी मी ते गावी नेले. बाळूची मुलगी ऋतुजा नववीत आहे. तिने ते ओट्यावर बसून वाचले. मी आत भाजी निवडत होते. तिच्यासमोर बसणे मला जमले नसते.

"आत्या, सई लई आवडली मला," ती आत येऊन म्हणाली. "भित्री हाय, तरी जाती. अन् चोराच्या सदऱ्यावर रुईच्या चिकाचा डाग, ते तर एक नंबर."

रुईचा चीक हे माझ्या विषयातले होते. मी सुखावले.

"पण ही पोरं बातम्या दिल्यागत बोलतात. 'आपण तपास करूया का?' असं कोण म्हणतं?"

ते मी मान्य केले. संवाद दुरुस्त करता येतात.

"अन् आत्या, ते दार." तिने भाजीची एक जुडी पुढे ओढली. माझ्या स्वभावाची तिला कल्पना आहे. "दोन दिवस दार बंद अन् कुणीच इचारलं नाय? आपल्याकडं दिवसा दार दिसलं लावलेलं, की अर्ध्या तासात समोरची काकू येती. कोण आजारी हाय, कुठं गेले, सगळं इचारती. सईनं कशाला शोधायचं? काकूच शोधंल."

बाळू पलीकडे चहा पीत होता. "ताई, तुझा चोर पडेगावचा दिसतो," तो म्हणाला. "फ्लॅटमधला हाय त्यो."

सगळे हसले, मीही हसले. मात्र परतीच्या एसटीत मी मनाशी ठरवले की कादंबरी मागे घ्यावी. दोष कथानकाचा असता तर दुरुस्त केला असता. हा दोष माझ्या राहण्याचा होता. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे गावचे घर होते, पण त्याला मी नकळत फ्लॅटचे दार बसवले होते. अस्सल म्हणवून घेण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

प्रकाशकांना तसे कळवण्याआधी, एका दुपारी, मी माझ्या फ्लॅटचे दार सताड उघडून ठेवले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. उघड्या दाराशी बसून लिहिता येते का ते पाहावे, एवढेच. मी हस्तलिखित घेऊन बसले. थोड्याच वेळात समोरच्या शाहीनबाजी दारात उभ्या राहिल्या. हाताला कणीक लागलेली, डोक्यावरची ओढणी घाईत घेतलेली.

"मॅडम, खैरियत तो है ना? दरवाजा खुल्ला पड़ा है. मैं तो घबरा गई."

"काही नाही बाजी, लिहीत होते."

"लिखने कू दरवाजा खोलना पड़ता क्या?" असे म्हणून त्या आत आल्या आणि हात तसेच अधांतरी धरून बसल्या.

इतक्या वर्षांत माझ्या बंद दाराची विचारपूस कोणी केली नव्हती. उघडे दिसताच कणीक टाकून माणूस धावून आले. आणि गावी? उघड्या दाराकडे गावात कोणी दुसऱ्यांदा पाहिले नसते. माझ्या चोराने नेमकी तिथे चूक केली होती.

मी चोराला शेतातून घरी आणले. आता तो दार दिवसभर उघडे ठेवतो. घंटा दारालगतच्या कणगीत ज्वारीखाली पुरलेली असते, आणि समोरची काकू त्याच कणगीला टेकून चहा पिऊन जाते. ऋतुजाने फोनवर सांगितले, "आता नाय सापडत लवकर." पोरे अजून थोडी पुस्तकी बोलतात, हेही सांगितले. ते तसेच राहिले आहे. माझीच बोली आता तशी झाली आहे. हस्तलिखित मी दिले. मुखपृष्ठावरचा 'अस्सल' हा शब्द मात्र काढायला लावला.

परवा गावाहून परतले. जिना चढून कुलपात किल्ली घालते तोच बाळूचा फोन आला. मागे कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

"पोचली का ताई?"

"पोचले."

"मग लावतो दार."