परमूच्या जागी मी

शेलूबाजारच्या फाट्यावर आमी दोघं पुन्याच्या गाडीसाठी उभे होतो, मी न परमू. सोडाले अर्धं गाव आलतं. सगळे माह्यासाठी. परमूसाठी त्याची माय तेवढी. लोकं मले म्हनत, "गजा, तू गेल्यावर आमाले हसवन कोन बे?" परमूची माय मले बाजूले घेऊन म्हने, "माह्या पोराच्या तोंडात शब्द नाई. तिकडं त्याच्यासाठी तू बोलत जाजो, बाप्पा."

बोलाचंच काम मले येते. बाकी शाळा दुसरीत सुटली, गुरुजीबी रडले नाई. हेबी मी फोनात बोलून राह्यलो न माही पोरगी लिहून राह्यली, गावच्या ग्रुपवर टाकाले. तुमी गावातले, न माह्यासारखे बाहेर गेलेले, सगळेच आयका.

पुन्यात एका सेठची वऱ्हाडी जेवनाची खानावळ होती. परमू गोवऱ्याच्या आगीवर कनकेचे रोडगे भाजाचा. त्याच्या हातचा रोडगा फोडला की आत पदर सुटलेले, तूप आपल्यानं खाली उतराचं. मी वाढाचो. म्हंजे ताटात कमी न गिराईकाच्या सदऱ्यावर जास्त. पन वरून असं काई बोलून देत होतो का मानूस सदरा इसरून हसाचा.

धंदा बसला तवा सेठ म्हने, आता एकच मानूस परवडते. मी पुढं झालो. म्हटलं, "सेठ, मले काहाडा. मले पिठात मीठ किती तेबी समजत नाई. ह्याले ठेवा." सेठ पोट धरून हसला. "आयकलं का, काय बोलते हा! तुले कसा काहाडू बे?" मी मायची आन घेतली, तो अजून हसला. जलमात एक डाव खरं बोललो, त्याचाबी जोक झाला.

परमू म्हने, "सेठ, पीठ मळलेलं हाये. तेवढे भाजून गावाले जातो."

मंग रोडगे मी भाजाले लागलो. वरून कोळसा, आतून पीठ. मले वाटलं, गिराईक तुटन, सेठ परमूले बोलावन. गिराईक तुटलंच नाई. "गजाभाऊ, आज कोळसा देता का रोडगा?" म्हनत, हसत, खाऊन जात. परमू कुठी गेला, एकानंबी इचारलं नाई. आता खानावळ मीच चालवतो, लोकं माह्यासंग फोटो काहाडतात. न भाजतानी मले सारखं वाटते, मांगं कोनी उभं हाये. वळून पाह्यतो तं भित्त.

औंदा देवळाच्या भंडाऱ्याले गावात आलो. परमू आगीपाशी बसला होता, दरसालासारखा. तुमीच ओरडले, "गजाभाऊ आला! पुन्याचा आचारी! आज रोडगे त्याच्याच हातचे!" मी नाई नाई म्हटलं, तुमाले तेबी जोकच वाटलं. परमू उठला. चिमटा माह्या हातात देल्ला न पंगतीच्या शेवटाले जाऊन बसला.

तुमी कच्चे रोडगे हसत हसत खाल्ले. मी परमूपाशी गेलो. लहानपनी ह्यानंच शिव्या देत माह्या हातचा कच्चा रोडगा माह्याच टाळक्यात हानला होता. म्हटलं, "परम्या, खरं सांग, कसा झाला?"

त्यानं तोंडातला गोळा गिळला. "चांगला झाला, गजाभाऊ," म्हने.

तुमी इचारता, गजाभाऊ, गावाकडं आता कवा येशीन? गाव माह्यं तेच होतं, जिथं एक मानूस मले शिव्या द्याचा. आता तिथंबी मी सगळ्याईले आवडतो.