पाहुण्यासाठी आणलेल्या खुर्च्या

"ही बघा गरीब बाई! चार खुर्च्या, दारात मोटारसायकल!"

तालुक्याच्या कचेरीत साहेबाने मोबाइल उंच धरून माझ्या घराचा फोटो सगळ्यांना दाखवला. लोक हसले. त्यांत आमच्या पाड्यावरचे दोघे होते, त्यांचं हसणं जास्त लागलं. घरकुलाच्या यादीतून माझं नाव का उडालं, एवढंच विचारायला मी मजुरी बुडवून गेले होते.

त्या खुर्च्या माझ्या नव्हत्या. आमच्याकडे एका घरी पाहुणा आला की अख्खा पाडा त्याचं करतो. कुणाचे कप, कुणाची साखर. साहेब पाहणीला येणार कळलं तशी मी घर सारवलं, पुढच्या कुडाला नवं लिंपण केलं, शेजारणीच्या खुर्च्या मांडल्या. तिच्या नवऱ्याची गाडी सावलीला माझ्याच दारात. साहेब बसला, चहा प्याला, उठून बाहेरून फोटो काढले. "छान ठेवलंय घर," म्हणाला. मी येडी, खूश झाले!

"साहेब, खुर्च्या शेजारणीच्या हायत," कचेरीत मी सांगितलं. " मागली भिंत पडलीय, तिथं साडी बांधलीय."

"मग तेव्हाच का नाही दाखवलीस?"

पाहुण्याला कोणी पडकी भिंत दाखवतं का?

मग तो हळूच, उपकार केल्यासारखा बोलला, "पुढच्या वेळी फाटकं नेस. सारवू नको. पोरांना उघडं बसव दारात. मग बघतो."

अंगाची लाहीलाही झाली. शाळेत मान खाली, ठेकेदारापुढे मान खाली. त्या दिवशी पहिल्यांदा वर केली.

"नाय नेसणार," मी म्हटलं. "पोरांना उघडं नाय बसवणार. तुमी परत या, मागल्या अंगाला या. हाय ते लिवा."

"मग बस तशीच."

नाव अजून यादीत नाही. साडीतून वारा येतो, धाकटी रात्रंदिवस खोकते. साहेबाचा राग येतो, हसणाऱ्यांचा येतो, माझ्या भाबडेपणाचाही येतो. पण फेरपाहणीचा अर्ज दिलाय, पोच घेतलीय. ग्रामसभेत उभी राहून तो सगळ्यांपुढे वाचायला लावीन. नाही ऐकलं तर दुसरा देईन, तिसरा देईन.

घर मी घेणार. भिकारणीचं सोंग काढून नाही घेणार.